हजारांचा ‘मीसाक-इ-वहदत’ व त्यामागील कागद

मध्य अफगाणिस्तानांतील बामियान येथें जुलै १९८९ मध्यें (हिजरी शमसी १३६८) हजारा लोकांच्या निरनिराळ्या गटांच्या पुढाऱ्यांनीं एका करारपत्रावर सह्या केल्या. हे गट त्यापूर्वीं कित्येक वर्षें आपसांतच लढत होते. ह्या पत्रास ‘मीसाक-इ-वहदत’, म्हणजे एकीचा करार, असें नांव आहे. आणि त्यांतून जो राजकीय पक्ष उत्पन्न झाला तो ‘हिज्ब-इ-वहदत-इ-इस्लामी’ होय. वर्तमानपत्री लिखाणांत ह्या पक्षाची ओळख बहुधा एका वाक्यांत उरकली जाते : रशियन फौजा परत गेल्यावर इराणच्या प्रेरणेनें उभा राहिलेला शिया लढवय्यांचा गट. हें वर्णन खोटें नाहीं; पण तें इतकें अपुरें आहे कीं, त्यावरून पक्षाच्या मागण्यांचा अर्थच लागत नाहीं. १९९२ नंतर ह्या पक्षानें ज्या तीन मागण्या सतत पुढें मांडल्या, त्या तिन्ही मागण्या म्हणजे शंभर वर्षांपूर्वीं काबूलच्या दरबारानें केलेल्या तीन गोष्टींना दिलेलीं उत्तरें आहेत, असें आम्हांस वाटतें. त्या गोष्टींची नोंद ज्या ग्रंथांत सविस्तर सांपडते, तो ग्रंथ एका हजारा लेखकाच्याच हातचा आहे. ह्या पक्षाचा इतिहास लिहूं पाहणारानें म्हणून प्रथम त्या ग्रंथाकडे वळलें पाहिजे.

आधीं नांवाविषयीं दोन शब्द. ‘हजार’ हा फार्सी शब्द मराठी वाचकास नवा नाहीं. मनसबदारींतील हजारी, पंचहजारी हीं पदें त्यावरूनच झालीं. संभाजीराजांच्या पंचहजारी मनसबीची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. मोंगल फौजेंतील हजार स्वारांच्या पथकास फार्सी लेखक ‘हजारा’ म्हणत, व ह्या लोकांचें नांव त्यावरून पडलें असें सामान्यतः मानतात. अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत त्यांस मंगूखानानें हुलागूच्या मदतीस पाठविलेल्या चघताई सैन्याचे अवशेष म्हटलें आहे. बाबराच्या आत्मचरित्रांतही काबूलनजीकच्या हजारांवर केलेल्या स्वारीचें वर्णन आहे. त्यांची हजारगी बोली ही फार्सीचीच शाखा असून तींत मोंगल व तुर्की शब्द बरेच आहेत. धर्मानें ते बहुतेक शिया आहेत. सिंधुनदाच्या पूर्वेस, हरिपूर-अबटाबादच्या बाजूस, जो हजारा नांवाचा मुलूख आहे त्याचा ह्या लोकांशीं संबंध जोडूं नये. जुन्या इंग्रजी कागदांत दोन्ही नांवें एकाच प्रकारें लिहिलेलीं असतात. यादी करणाऱ्याची तेथें फसगत होण्याचा बराच संभव आहे.

आतां ग्रंथाकडे वळूं. फैज महंमद कातिब (सुमारें १८६२-१९३१) हा गझनी प्रांतांतील काराबाग भागांतला हजारा. ‘कातिब’ म्हणजे लेखनिक. अमीर हबीबुल्लाखान (राज्यकाल १९०१-१९१९) याच्या दरबारीं तो लेखनिकाच्या कामावर होता, आणि अमिराच्याच आज्ञेनें त्यानें ‘सिराज-उत्-तवारीख’ हा अफगाणिस्तानचा विस्तृत इतिहास रचला. नांवांतील ‘सिराज’ हा शब्द अमिराच्या पदवींतून आलेला आहे. पहिले दोन खंड हिजरी १३३१ (इ. स. १९१२-१३) ह्या सनाचे व तिसरा १३३३ ह्या सनाचा. हे काबुलास छापले गेले. मात्र तिसऱ्याचें मुद्रण पुरें न होतांच थांबलें. चवथ्या खंडाचें हस्तलिखित कित्येक दशकें अप्रकाशित राहून एकविसाव्या शतकांत काबुलास छापलें गेलें. मॅक्चेस्नी व खुर्रमी यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर २०१३ पासून प्रसिद्ध होऊं लागलें, त्यामुळें फार्सी न जाणणाऱ्यासही आतां हा ग्रंथ पाहतां येतो. पहिला खंड अहमदशहा अब्दालीपासून सुरू होतो; तेव्हां पानिपतच्या अभ्यासकास ग्रंथ अगदींच परका वाटूं नये.

येथें कालगणनेसंबंधीं एक इशारा देणें अवश्य आहे. कातिबाच्या ग्रंथावरील सन चांद्र हिजरी आहेत. अमानुल्लाच्या काळापासून अफगाण दफ्तरांत शमसी, म्हणजे सौर, हिजरी सन रूढ झाला. ‘१३३१’ हा आंकडा चांद्र मानला तर इ. स. १९१२-१३ येतें, सौर मानला तर १९५२-५३. चाळीस वर्षांची चूक एका आंकड्यांत होते. शुहूर, फसली आणि हिजरी यांच्या घोटाळ्यांतून ज्यांनीं वाट काढली आहे त्यांना हें अधिक सांगण्याची गरज नाहीं.

आपल्या विषयास लागतो तो तिसरा खंड. यांत हबीबुल्लाचा बाप अमीर अब्दुर्रहमानखान (राज्यकाल १८८०-१९०१) याची कारकीर्द आली असून, १८९१ ते १८९३ ह्या वर्षांत त्यानें हजारा मुलखावर केलेल्या युद्धाची हकीकत आहे. लेखकाची अडचण लक्षांत घ्यावी. आपल्याच जातभाईंचा संहार त्याला लिहावयाचा. तो ज्यानें केला त्याच्या मुलाच्या हुकमानें लिहावयाचा. आणि लिहिलेलें त्या मुलानें वाचून, दुरुस्त करून, मग छापावयाचें. अशा स्थितींत फिर्यादीची भाषा निघणें शक्य नव्हतें, व ती निघालेली नाहीं. कातिबानें जें केलें तें कारकुनाचें काम होय : कोणता हुकूम, कोणाच्या नांवें, कोणत्या गांवीं काय घडलें, किती धरले, किती पाठविले. दरबारच्या थोरवीसाठीं म्हणून मागविलेला ग्रंथ अशा रीतीनें दरबाराविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा होऊन बसला. ह्याच युद्धाची अमिराच्या बाजूची हकीकत त्याच्या आत्मचरित्रांत आहे. तें मीर मुनशी सुलतान महंमदखान यानें संपादून १९०० सालीं लंडनास छापविलें. त्यांतला कोणता भाग खुद्द अमिराचा व कोणता मुनशीचा, हा वाद आहे. तरीही दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचण्यासारखीं आहेत.

युद्धाचें निमित्त हत्यारें काढून घेणें, नवे कर, आणि मुलखांत ठेवलेल्या फौजेचें वर्तन हें होतें. १८९२ च्या वसंतांत उरुझगानकडे बंड पेटलें, आणि तें मोडण्यासाठीं अमिरानें तीन गोष्टी केल्या. पहिली, सुन्नी उलेमांकडून हजारा शियांस काफर ठरवून घेतलें व युद्धास जिहादाचें स्वरूप दिलें. धर्मनिर्णयाचा परिणाम लगेच व्यवहारांत दिसला. काफर ठरलेल्यांस गुलाम करण्यास शास्त्राची आडकाठी उरली नाहीं, आणि हजारा स्त्रीपुरुष बाजारांत विकले जाऊं लागले. दुसरी गोष्ट जमिनीची. उरुझगानच्या बाजूचा सुपीक मुलूख पठाण टोळ्यांना वसाहतीसाठीं मिळाला, आणि वरच्या डोंगरांतील उन्हाळी कुरणें फिरत्या पठाण पशुपालकांस, म्हणजे कूचींना, फर्मानांनीं देण्यांत आलीं. तिसरी, हजारांचे मीर, म्हणजे वंशपरंपरागत सरदार, मारले, कैद केले किंवा काबुलास नेऊन ठेवले; त्यांच्या जागीं काबूलचे अंमलदार बसले. याप्रमाणें धर्म, भूमि व अधिकार हीं तिन्ही एकदम गेलीं. पुष्कळ कुटुंबें क्वेट्ट्याकडे व इराणांत मशहदकडे निघून गेलीं. हल्लीं तेथें असलेल्या मोठ्या हजारा वस्त्यांचें मूळ ह्या पळापळींत आहे.

ह्या संहारांत हजारांपैकीं शेंकडा ६२ माणसें नाहींशीं झालीं, असा एक आंकडा हल्लीं फार फिरतो. ज्या राज्यांत त्या काळीं शिरगणतीच नव्हती, तेथें इतका नेमका हिशेब कोणी केला, हें विचारणें अनुदारपणाचें नव्हे. संहार मोठा होता हें कातिबाच्या पानोपानीं दिसतें; त्याला बनावट अचूकतेचा टेंकू देण्याची जरूर नाहीं. उलट, असा आंकडा एकदां खोडला गेला म्हणजे खरी हकीकतही त्याबरोबर खोडली गेली असें समजणारे लोक असतात, व त्यांच्या हातीं तो आयता सांपडतो.

पुढल्या नव्वद वर्षांचा धागा आम्ही थोडक्यांत सांगतों. गुलामगिरी अमानुल्लाच्या १९२३ च्या मूलभूत कायद्यानें रद्द झाली. १९२९ मध्यें बच्चा-इ-सक्का काबूलच्या तख्तावर बसला तेव्हां त्यानें कातिबालाच हजारांकडे, त्यांनीं आपलें स्वामित्व मान्य करावें म्हणून, पाठविलें. शिष्टाई फसली, आणि परत आल्यावर साठी उलटलेल्या ह्या इतिहासकाराला बेदम मार बसला. खालावलेल्या प्रकृतीनें तो १९३१ मध्यें वारला. त्या नऊ महिन्यांच्या राज्याचें त्यानें लिहिलेलें टिपण हस्तलिखित रूपानें मागें राहिलें व पुष्कळ काळानें उजेडांत आलें. १९३३ सालीं राजा नादिरशहा याचा खून करणारा अब्दुल खालिक हा हजारा विद्यार्थी होता. १९४५-४६ च्या सुमारास शहरिस्तान भागांत तुपाच्या रूपानें घेतल्या जाणाऱ्या करावरून इब्राहीमखान गावसवार याच्या पुढारीपणाखालीं उठाव झाला, व सरकारला तो कर सोडावा लागला. १९३१ च्या व १९६४ च्या दोन्ही राज्यघटनांत राज्याचा धर्माचार हनफी पंथाप्रमाणें ठरविलेला होता. प्रांतरचनेंत हजारांचा डोंगरी मुलूख, ज्यास हजाराजात म्हणतात, तो एकत्र न राहतां बामियान, गोर, उरुझगान, गझनी, वर्दक अशा प्रांतांत वांटला गेला. पहिला हजारा मुख्य प्रधान झाला तो साम्यवादी राजवटींत. १९८१ मध्यें त्या जागीं आलेला सुलतान अली किश्तमंद हा तो गृहस्थ. त्या वेळीं हजाराजातच्या डोंगरांत मात्र त्याच राजवटीविरुद्ध शस्त्रें उचललेलीं होतीं.

१९७९ च्या बंडांत हजाराजात काबूलच्या हातून जवळजवळ सगळा सुटला, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत सय्यद अली बहिश्ती याच्या अध्यक्षतेखालीं ‘शूरा-इ-इत्तिफाक’ स्थापन झाली. ह्या मंडळानें कर बसविले, सैन्यभरती केली, न्यायनिवाडे केले. अमिरानें मीरांची सत्ता मोडल्यानंतर हजारांचा स्वतःचा कारभार प्रथम उभा राहिला तो हा. पण तो टिकला नाहीं. इराणांतील क्रांतीनें भारलेल्या तरुण मुल्लांच्या ‘साझमान-इ-नस्र’ व ‘पासदारान-इ-जिहाद’ ह्या संघटना शूरेवर उलटल्या, आणि १९८२ नंतरच्या दोन-तीन वर्षांत हजारांनीं हजारांचे जितके लोक मारले तितके रशियनांनीं त्या डोंगरांत मारले नसतील, असें म्हणणारे जाणते लोक आहेत. तेहरानांत आठ शिया पक्षांचें संयुक्त मंडळ झालें तेंही वरवरचेंच राहिलें.

एकी घडवून आणली ती बाहेरच्या अपमानानें. फेब्रुवारी १९८९ मध्यें रशियन फौजा बाहेर पडल्या, व त्याच महिन्यांत रावळपिंडीस पेशावरच्या सात सुन्नी पक्षांनीं हंगामी सरकार बनविलें. त्यांत शिया पक्षांस जागा मिळाली नाहीं. जिंकल्यावर आपण पुन्हां दाराबाहेरच राहणार, हें डोंगरांतल्या शिपायासही समजलें. पांच महिन्यांनीं मीसाकावर सह्या झाल्या. असिफ मोहसिनीचा ‘हरकत-इ-इस्लामी’ हा पक्ष मात्र बाहेरच राहिला.

पक्षाच्या प्रमुखास ‘दबीर-इ-कुल’ म्हणत. हा शब्द वाचतांना मराठी वाचकास सोनोपंत डबीर आठवल्याखेरीज राहणार नाहीं. शिवाजीमहाराजांनीं ज्या पदास ‘सुमंत’ असें संस्कृत नांव दिलें तें डबीराचें पद, आणि हा दबीर, हे एकाच फार्सी शब्दाचे वंशज होत. एक परराष्ट्राच्या कामाचा प्रधान झाला, दुसरा पक्षाचा मुख्य चिटणीस. पहिला दबीर-इ-कुल बल्ख प्रांतांतील चारकिंतचा अब्दुल अली मझारी (जन्म १९४६). तो नस्र संघटनेंतला, म्हणजे आपसांतल्या युद्धांत एका बाजूनें लढलेला मनुष्य होता. तरी पक्षाचें स्वरूप धार्मिक संघटनेहून अधिक वांशिक झालें तें त्याच्याच कारकीर्दींत. मुल्लांच्या जोडीस जुने डावे, शिकलेले नोकरदार आणि साम्यवादी सैन्यांतून आलेले हजारा अधिकारी पक्षांत आले, व मध्यवर्ती मंडळांत स्त्रियांसही जागा मिळाल्या. शेजारच्या कोणत्याही मुजाहिदीन पक्षांत ही गोष्ट घडली नव्हती.

एप्रिल १९९२ मध्यें काबूल पडलें. पेशावरास झालेल्या वांटणीच्या करारांत वहदत पक्षास स्थान नव्हतें. पण पश्चिम काबूलच्या हजारा वस्त्या तोंवर त्याच्या हातीं आल्या होत्या. येथपासून मझारीच्या तीन मागण्या स्पष्ट दिसूं लागतात. जाफरी, म्हणजे शिया, धर्मशास्त्रास राज्यानें मान्यता द्यावी. प्रांतांची व तालुक्यांची रचना बदलावी. आणि राज्याच्या निर्णयांत हजारांचा वांटा असावा. ह्या तीन वाक्यांशेजारीं १८९२ च्या तीन गोष्टी ठेवून पाहाव्यात. काफर ठरविण्याच्या निर्णयास पहिली मागणी उत्तर देते, मुलूख तोडण्यास दुसरी, मीरांच्या उच्छेदास तिसरी. राज्य फोडून निघण्याची भाषा त्यांत कोठेंच नाहीं. राज्यकारभारांत चौथाई हिस्सा मिळावा असेंही पक्षाकडून मागितलें गेलें. आपल्याकडील चौथाईशीं त्याचा नांवापलीकडे संबंध नाहीं; एका कराचा तो हक्क होता, ही मोजणी माणसांची होती, आणि देशांत पुरी शिरगणती कधींच झाली नसल्यामुळें ती मोजणी सिद्धही करतां येईना आणि खोडतांही येईना.

मागण्या सरळ होत्या. पक्षाचें वर्तन तितकें सरळ नव्हतें. काबूलच्या रस्त्यांवर सय्याफच्या इत्तिहाद पक्षाशीं त्याच्या लढाया झाल्या, व दोन्ही बाजूंनीं निरपराध लोक वंशावरून ओळखून धरून नेले. वहदतच्या लोकांनीं केलेल्या अपहरणांचीं व हत्यांचीं वृत्तें निःपक्षपाती चौकश्यांत नमूद आहेत, तीं वगळून इतिहास लिहितां येणार नाहीं. फेब्रुवारी १९९३ मध्यें मसूद व सय्याफ यांच्या फौजांनीं पश्चिम काबूलमधील अफशार वस्तीवर हल्ला केला. वहदतचें मुख्य ठाणें तेथील समाजशास्त्र संस्थेच्या इमारतींत होतें. तें पडलें, आणि त्यानंतर वस्तींत कत्तल, बलात्कार व लूट झाली. पुढच्याच वर्षीं, जानेवारी १९९४ मध्यें, पक्ष हिकमतयार व दोस्तम यांच्या बाजूस गेला. त्याच वर्षीं पक्षांतही फूट पडली व महंमद अकबरी मझारीपासून वेगळा झाला. एकीच्या नांवाचा पक्ष पांच वर्षांत दुभंगला. मार्च १९९५ मध्यें काबूलच्या दक्षिणेस तालिबानांशीं बोलणीं चालू असतां मझारी त्यांच्या कैदेंत पडून मारला गेला. त्याचें प्रेत गझनीहून हजाराजातच्या बर्फांतून, गांवोगांवच्या लोकांच्या खांद्यांवरून, मझार-इ-शरीफला नेण्यांत आलें. मझारीविषयीं ज्यांचें मत प्रतिकूल आहे तेही ह्या प्रवासाचें महत्त्व नाकारीत नाहींत. विखुरलेले गट करारपत्रानें जितके एकत्र आले नव्हते तितके ह्या वाटेवर आले.

त्याच्या मागून करीम खलीली दबीर-इ-कुल झाला, आणि पक्षाचें ठाणें पुन्हां बामियानास आलें. प्राचीन वस्तूंच्या अभ्यासकास ह्या पक्षाचें नांव ऐकूं येतें तें बहुधा येथें. सुमारें ५५ व ३८ मीटर उंचीच्या त्या दोन बुद्धमूर्तींच्या पायथ्याशीं असलेल्या गुहांत युद्धाच्या वर्षांत दारूगोळा सांठविला जाई, आणि निर्वासित कुटुंबेंही राहत. मूर्तींची जपणूक त्या काळीं चांगली झाली असें म्हणतां येणार नाहीं. त्या उभ्या राहिल्या एवढेंच खरें. ८ ऑगस्ट १९९८ रोजीं मझार-इ-शरीफ तालिबानांच्या हातीं गेलें व तेथें हजारांची कत्तल झाली. ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेच्या अंदाजाप्रमाणें किमान दोन हजार माणसें मेलीं. सप्टेंबरांत बामियान पडलें. जानेवारी २००१ मध्यें यकावलंग येथें दीडशेंहून अधिक पुरुष धरून मारले गेले, आणि मार्चांत मूर्ती सुरुंगांनीं उडविल्या गेल्या. जगानें दुसऱ्या घटनेची जेवढी दखल घेतली तेवढी पहिलीची घेतली नाहीं. प्राचीन वस्तूंवर प्रेम करणाऱ्या आमच्यासारख्यांनीं हें स्वतःस विचारून पाहण्यासारखें आहे.

२००१ च्या अखेरीस राजवट बदलली, आणि काय मिळालें हें जानेवारी २००४ च्या राज्यघटनेंत वाचतां येतें. तिच्या ४ थ्या कलमांत देशांतील जमातींचीं नांवें आहेत व त्यांत हजारांचें नांव तिसरें आहे. १३१ व्या कलमानें शियांच्या कौटुंबिक बाबतींत जाफरी शास्त्र लागू झालें. त्याच वर्षीं उरुझगानचा उत्तर भाग तोडून दाइकुंदी हा नवा प्रांत करण्यांत आला, आणि निवडणुकीनंतर खलीली दुसरा उपाध्यक्ष झाला. तो २०१४ पर्यंत त्या पदावर होता. तिन्ही मागण्यांस अशा रीतीनें थोडेंफार कागदी फळ आलें. कुरणांचा प्रश्न तसाच राहिला. बिहसूदमध्यें २००७ नंतर कूची व हजारा यांच्यांत वारंवार चकमकी झाल्या, व तेथें कूचींच्या बाजूनें आधार दाखविला गेला तो जुन्या राजफर्मानांचाच. एका जुन्या फर्मानानें शंभर वर्षांनंतर माणसें मरावींत, ह्याहून दफ्तराच्या सामर्थ्याचा दुसरा पुरावा नको.

पक्षाचें मात्र ह्या काळांत चार ठिकाणीं चार झालें. मूळ नांव खलीलीकडे राहिलें. महंमद मुहक्किकानें ‘वहदत-इ-मर्दुम’, अकबरीनें ‘वहदत-इ-मिल्ली’, व कुर्बान अली इर्फानीनें ‘वहदत-इ-इस्लामी-इ-मिल्लत’ असे पक्ष काढले. ‘एकी’ हा शब्द चौघांपैकीं एकानेंही सोडला नाहीं. संग्राहकानें कोणतेंही पत्रक हातीं आल्यास नांवाचें शेवटचें विशेषण आधीं वाचावें. नाहींतर एका पक्षाचा ठराव दुसऱ्याच्या नांवें नोंदला जाईल. लोकांचा पाठिंबा मात्र अशा फुटींनीं नाहींसा झाला नव्हता : २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकींत मुहक्किकाला शेंकडा सुमारें ११.७ मतें पडून तो तिसरा आला.

क्वेट्ट्यांतील ‘हजारा डेमॉक्रॅटिक पार्टी’ हा ह्याहून सर्वस्वीं निराळा पक्ष आहे. तो पाकिस्तानच्या निवडणुका लढविणारा, मुल्लांपासून अलग राहणारा. २००९ च्या जानेवारींत त्याचा अध्यक्ष हुसेन अली युसुफी याचा खून झाला. २०१८ मध्यें बलुचिस्तानच्या विधानसभेंत पक्षास दोन जागा मिळाल्या. क्वेट्ट्याच्या हजारांच्या पूर्वेतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९०४ सालीं तेथें उभारलेली १०६ वी हजारा पायोनियर पलटण, जुन्या मुंबई लष्करांतून आलेल्या दोन बलुची पलटणींतले हजारा शिपाई निवडून बनविण्यांत आली होती. ती १९३३ मध्यें मोडली गेली.

ऑगस्ट २०२१ मध्यें तालिबान काबुलास परत आले. २००४ ची घटना बाजूला पडली व तिच्याबरोबर १३१ वें कलमही. त्याच महिन्यांत बामियानमधील मझारीचा पुतळा फोडण्यांत आला. २०१६ मध्यें सरकारनें त्यास ‘राष्ट्रीय एकीचा हुतात्मा’ ही पदवी दिली होती. ऑगस्ट २०२३ मध्यें देशांतील सर्वच राजकीय पक्षांवर बंदी जाहीर झाली. पुढारी परदेशीं गेले. मागें राहिलेल्यांनीं २०२१ च्या त्या आठवड्यांत घरांतले कागद, ओळखपत्रें, पत्रकें स्वतःच्या हातांनीं जाळल्याच्या हकीकती काबूलहून आल्या.

संग्राहकांस आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, ह्या पक्षाचे कागद जुने नाहींत म्हणून ते सोडूं नयेत. मीसाकाच्या प्रती, ठराव, युद्धकाळांतील चक्रमुद्रित पत्रकें, पेशावर व कुम येथें निघालेलीं फार्सी नियतकालिकें, मझारीच्या भाषणांच्या फिती, हे सर्व हलक्या कागदावर व स्वस्त फितींवर आहे, आणि ज्यांच्या घरांत तें होतें ते आज निरनिराळ्या देशांत विखुरले आहेत. अशा कागदावर तारीख सौर सनाची असेल. पुष्कळदां स्थळ दिलेलें नसेल. लेखकाचें नांव टोपणनांव असेल. कागद कोणाकडून, कोठें व कोणत्या वर्षीं मिळाला याची नोंद देणाऱ्याच्या सुरक्षिततेस धक्का न लागेल अशा बेतानें वेगळ्या वहींत ठेवावी, व ती वही कागदांबरोबर एकाच पेटींत ठेवूं नये.